अल्कलिनिटी पुन्हा पुन्हा का घसरते? मोठ्या रीफ टँकमधल्या जुन्या दुखण्याचा माग

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, आणि अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, ज्यातून प्रवाळ सांगाडा बांधतात. ती डीकेएच या एककात मोजतात. ती घसरण्याची लक्षणे बहुतेकांची सारखीच असतात. सहा फुटी टँक, दीड-दोन वर्षांचा, अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा हे दगडी प्रवाळ चांगले रुजलेले. अल्कलिनिटी ८.५ डीकेएचवर ठेवायची असे ठरलेले असते आणि द्रावण मोजून टँकमध्ये सोडणारा डोसिंग पंप रोज वेळेवर चालतो. तरी काही आठवडे गेले की टेस्टमध्ये आकडा ६.५ वर सापडतो. मग बेकिंग सोड्याचे पाणी घालून तो वर आणायचा, डोस जरा वाढवायचा. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. मध्येच कधी उलटेही होते. आकडा १० च्या पुढे जातो आणि अ‍ॅक्रोपोराची टोके पांढरी पडतात.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, ‘डोस वाढवा’. मला तो पटत नाही. डोस वाढवण्याआधी तीन प्रश्न वेगळे करायला हवेत. आपण मोजतोय ते बरोबर आहे का? आपण घालतोय ते खरेच टँकच्या पाण्यात पोहोचतेय का? आणि टँकचा रोजचा खप, म्हणजे रोज किती अल्कलिनिटी संपते ते, बदललाय का? याच क्रमाने जावे, कारण पहिल्या दोन गोष्टी एका संध्याकाळी तपासून होतात. त्या न बघता तिसरीच्या मागे लागलात, तर महिनोन्‌महिने आकड्यांचा पाठलाग करत बसाल आणि प्रवाळ मात्र हेलकावे खात राहतील. प्रवाळांना ७.५ चालते, ८.५ चालते, ९ सुद्धा चालते. त्यांना सोसत नाही ती रोजची चढउतार.

हिशेबासाठी पुढे सगळीकडे १८० गॅलनचा टँक धरते. दगड आणि वाळूची जागा वजा करून, संपमधले (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतले) पाणी मिळवून साधारण ७०० लिटर पाणी. एवढ्या पाण्यात १ डीकेएच वाढवायला २१ ग्रॅम बेकिंग सोडा किंवा सव्वातेरा ग्रॅम सोडियम कार्बोनेट म्हणजे सोडा अ‍ॅश लागते. तुमचे पाणी कमी-जास्त असेल, तर १०० लिटरला ३ ग्रॅम बेकिंग सोडा हे प्रमाण लक्षात ठेवा.

आधी टेस्ट किटची टेस्ट

किटवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याला एकदा परीक्षेला बसवा. आरओ-डीआयचे (गाळून क्षार काढलेले) १ लिटर पाणी घ्या, त्यात ३ ग्रॅम बेकिंग सोडा नीट विरघळवा. त्यातले १०० मिलिलिटर काढून साध्या आरओ-डीआय पाण्याने पुन्हा १ लिटर करा. या पाण्याची अल्कलिनिटी १० डीकेएच असते, कारण हा हिशेब निव्वळ रसायनशास्त्राचा आहे. किटने १० च्या आसपास दाखवले तर किट ठीक. ८.७ किंवा ११.५ दाखवले तर रिएजंट (किटमधले रसायन) जुने झाले आहे किंवा तुमची पद्धत चुकते आहे. दागिन्यांचा किंवा मसाल्याचा छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. चमच्याने मोजू नका. चमचा कसा भरला यावर वजन बदलते.

सिरिंजवाल्या टायट्रेशन किटमध्ये (रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने रिएजंट घालायचे किट) चूक बहुधा रिएजंट भरताना होते. टोकाला लावलेल्या प्लास्टिकच्या नळीत हवा अडकते आणि दट्ट्याखाली थोडी पोकळी दिसते. ती पोकळी असू द्यावी, पण वाचन दर वेळी दट्ट्याच्या त्याच कडेवर घ्यावे. आज वरची कड, परवा खालची कड असे झाले की पाण्यात काहीही न बदलता आकडा हलतो. रंगाचेही तसेच. पहिली गुलाबी झाक दिसली की थांबायचे, की पूर्ण गुलाबी झाल्यावर, हे एकदा ठरवून घ्या आणि रोज एकाच दिव्याखाली बघा. रीफच्या निळ्या उजेडात रंग बघू नका. डिजिटल चेकर असेल तर काचेची कुपी मऊ कापडाने पुसा. बोटाचा ठसा किंवा चिकटलेला बुडबुडा आकडा बिघडवतो.

पुढची गोष्ट वेळेची. दिवे लागण्याआधीचे आणि दिवे मालवण्याआधीचे वाचन सारखे नसते, कारण उजेडात प्रवाळ जास्त कॅल्शियम कार्बोनेट बांधतात. डोस पडल्यानंतर दहा मिनिटांनी घेतलेले वाचन तर कशातच धरू नये. एक वेळ ठरवा, तिला चिकटून राहा. आणि ०.३ डीकेएचच्या फरकाला घटना मानू नका. घरच्या किटांची अचूकताच तेवढी आहे.

अल्कलिनिटीआधी खारटपणाही बघायला हवा. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर आणून थांबणारे बरेच जण आहेत. त्याला ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग) प्रमाणित द्रावणावर लावले पाहिजे, कारण शून्यावर बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ वर चुकू शकतो. पाणी ३५ वरून ३२ वर आले असेल तर ८ डीकेएचचे आपोआप सव्वासात होतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळेच त्या प्रमाणात खाली येते. अशा वेळी डोस वाढवणे म्हणजे चुकीच्या रोगाला औषध देणे. स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) जोरात ओढत असेल, त्याचा कप भरून वाहत असेल आणि ऑटो टॉप-ऑफ (उडालेले पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) ती तूट गोड्या पाण्याने भरून काढत असेल, तर खारटपणा असाच हळूहळू उतरतो.

पंप चालतो म्हणजे डोस पडतो असे नाही

डोसिंग पंपाचे झाकण काढून आत एकदा नीट बघा. तीन-चार रोलर एका मऊ नळीला दाबत फिरतात आणि त्या दाबाने द्रव पुढे ढकलला जातो. तीच ती जागा वर्षभर दाबली गेली की नळी चपटी होते, कधी आतून चिकटते, आणि पूर्वी जितक्या वेळात १० मिलिलिटर जायचे तितक्यात ८.५ जाऊ लागते. पंपाचा आवाज तोच, अ‍ॅपमधली नोंद तीच, ‘डोस पूर्ण’. टँकचा खप रोज १.५ डीकेएच असेल, तर डोसमधली १५ टक्के तूट आठवड्यात दीड डीकेएचच्या पुढे जाते. म्हणून दर महिन्याला नळीचे टोक एका मोजपात्रात धरून प्रत्यक्ष किती पडते ते बघावे, आणि नळी वर्षातून एकदा बदलावी, फाटण्याची वाट न पाहता.

नळीचे दुसरे टोकही बघा. अल्कलिनिटीच्या डोसची नळी पाण्यात बुडालेली असेल तर तोंडाशी पांढरे कवच जमते आणि भोक बारीक होत जाते. टोक पाण्याच्या पातळीच्या वर, जिथे प्रवाह जोरात आहे अशा जागी ठेवा. थेंब पडताना डोळ्यांना दिसला पाहिजे.

थंड प्रदेशात राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. आमच्याकडे न्यू जर्सीत बरेच जण संप आणि डोसचे कॅन बेसमेंटमध्ये ठेवतात. बेकिंग सोड्याचे द्रावण उन्हाळ्यात काठोकाठ संपृक्त बनवलेले असेल, तर जानेवारीत बेसमेंट गारठले की त्यातला सोडा तळाशी खडे होऊन बसतो. पंप वरचे पातळ पाणी ओढतो. मग एखाद्या दिवशी कोणी कॅन हलवतो, खडे विरघळतात आणि डोस अचानक जड होतो. कॅनला टॉर्च लावून तळ बघा. खडे दिसले तर द्रावण पातळ करा आणि त्या हिशेबाने मिलिलिटर वाढवा.

आता पाण्यात आपोआप बनणाऱ्या पांढऱ्या भुकटीबद्दल, म्हणजे पूडबद्दल. हे कारण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते, कारण ते डोळ्यांसमोर असून दिसत नाही. हीटर बाहेर काढा. त्याच्या काचेवर खरखरीत पांढरा थर असेल तर थोडा खरवडून बशीत घ्या आणि वर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसला तर ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तुम्ही पैसे देऊन घातलेले कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, जे प्रवाळाच्या सांगाड्याऐवजी हीटरवर जमले. संपमधले पाणी टँकमध्ये परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाचा इम्पेलरही (फिरणारा पंखा) उघडून बघा. गरम पृष्ठभागावर हा थर आधी धरतो. फॉस्फेट काढण्यासाठी वापरलेल्या जीएफओचे दाणे एकमेकांना चिकटून दगडासारखे झाले असतील तर तेही बहुधा यामुळेच.

असे का होते? कॅल्शियमचा आणि अल्कलिनिटीचा डोस एकाच जागी, एकाच वेळी पडतो तेव्हा तिथल्या तिथे दोन्ही खूप दाट होतात आणि संयोग होऊन पूड बनते. दोन डोसांमध्ये निदान अर्धा तास ठेवा, जागाही लांब ठेवा. पुन्हा, आकडा ६.५ वरून एका फटक्यात ९ वर नेणाऱ्यांकडे पूड जास्त बनते. सोडा अ‍ॅशने पीएच चटकन चढतो आणि पीएच चढला की पूड बनणे आणखी सोपे होते. म्हणून वर नेताना दिवसाला अर्धा ते एक डीकेएच, त्याहून जास्त नाही.

यात मॅग्नेशियमचे काम मोठे आहे. समुद्राच्या पाण्यात ते साधारण १२८० ते १३०० पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग) असते. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढू लागले की मॅग्नेशियम त्यांच्या पृष्ठभागावर जाऊन वाढ अडवते. ते ११०० च्या खाली गेले की हा अडसर कमी पडतो, आणि तुम्ही कितीही डोस घाला, अल्कलिनिटी वर टिकत नाही. डोस घालूनही आकडा दोन दिवसांत जागेवर येत असेल तर कॅल्शियमच्या आधी मॅग्नेशियम मोजा.

‘पण माझे कॅल्शियम ४२० वर तसेच आहे, फक्त अल्कलिनिटीच पडते’, अशी शंका नेहमी येते. त्यात बिघाड काहीच नाही. प्रवाळ सांगाडा बांधतात तेव्हा २.८ डीकेएच अल्कलिनिटीमागे साधारण २० पीपीएम कॅल्शियम खर्च होते. म्हणजे १ डीकेएच पडली तर कॅल्शियम फक्त ७ पीपीएमने उतरते, आणि घरच्या किटवर तेवढा फरक कळतच नाही. दोन्ही एकाच हिशेबाने जातात. फक्त कॅल्शियमचा साठा मोठा आहे, अल्कलिनिटीचा छोटा. मात्र अल्कलिनिटी खरोखर एकटीच पडण्याचेही एक कारण आहे: नायट्रेट साचणे. अमोनियाचे नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्च होते, आणि ५० पीपीएम नायट्रेट साठले तर त्यापायी सुमारे सव्वादोन डीकेएच गेलेली असते. मासे भरपूर, खाणे भरपूर आणि नायट्रेट चढते असेल तर तेही खात्यावर धरा.

पाणी बदलण्याचा परिणाम थोडक्यात. काही मिठांचे पाणी ७ ते ८ डीकेएचचे होते, काहींचे ११ ते १२ चे. टँक ८ वर आणि नवे पाणी ११ चे असेल, तर १० टक्के बदलाने ०.३ चा फरक पडतो, ३० टक्क्यांनी ०.९ चा. महिन्यातून एकदा मोठा बदल करणाऱ्यांच्या आलेखावर हा दात दर महिन्याला दिसतो. नवे पाणी घालण्याआधी त्याची अल्कलिनिटी मोजा. पिशवीत मीठ दमट होऊन गठ्ठे झाले असतील तर ती पिशवी प्रवाळांना वापरू नका.

खप बदलतो, आणि ऋतूंप्रमाणे बदलतो

मोजमाप ठीक, पंप ठीक, पूड नाही, तरी घसरण चालूच, तर आता खप काढायचा. डोसिंग बंद करा. आज ठरलेल्या वेळी मोजा, उद्या त्याच वेळी मोजा, परवा पुन्हा. दोन दिवसांत ८.६ चे ५.९ होऊ देऊ नका. ७ च्या जवळ आले की थांबा. आलेला फरक दिवसांनी भागला की तुमचा रोजचा खप मिळतो, आणि डोस तेवढाच ठेवायचा. हे दर ऋतूला एकदा करावे, कारण आकडा कायमचा नसतो.

प्रवाळ वाढतात तसा खपही वाढतो, हे उघड आहे. कमी उघड आहे ते असे की अल्कलिनिटी वर नेली की खपही वाढतो. ७ वर असलेला टँक ९ वर नेलात तर प्रवाळ जास्त वेगाने सांगाडा बांधतात आणि आकडा पूर्वीपेक्षा जोरात खाली येतो. कित्येकांना वाटते काहीतरी बिघडले. काही बिघडलेले नसते. ठरवलेला आकडा उंच असेल तर डोसही कायम मोठा लागणार, एवढेच. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्याजवळ ठेवणाऱ्यांनी तर ९ च्या वर जाऊच नये. उपाशी प्रवाळाला उंच अल्कलिनिटी दिली की टोके जळतात.

आता थंड देशांतल्या घरांचे वर्षानुवर्षांचे कोडे. नोव्हेंबरपासून खिडक्या बंद, हीटिंग चालू. घरातली माणसे आणि गॅसची शेगडी कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या थोडा वर असतो. बंद घरात तो १००० च्या पुढे सहज जातो. स्किमर हीच हवा पाण्यात घुसळतो. टँकचा पीएच ८.२ वरून ७.८ वर येतो, प्रवाळांना सांगाडा बांधणे जड जाते, खप कमी होतो. डोस तोच राहिल्याने अल्कलिनिटी चढते, म्हणून मालक डोस कमी करतात. मग एप्रिल येतो, खिडक्या उघडतात, पीएच चढतो, खप वाढतो, आणि हिवाळ्यातला कापलेला डोस अपुरा पडतो. दर वसंतात अल्कलिनिटी पडते ती अशी. दिवाळीच्या फराळाला घर भरले की त्या रात्रीचा पीएचचा आलेख बघा. पाहुणे केव्हा आले आणि केव्हा गेले ते त्यावर वाचता येते.

हेच कारण आहे का, ते तपासायला सोपा प्रयोग आहे आणि रीफच्या रसायनशास्त्रावर वर्षानुवर्षे लिहिणारे रँडी होम्स-फार्ली तो सुचवत आले आहेत. टँकचे पाणी एका भांड्यात घ्या, पीएच मोजा, भांडे बाहेर नेऊन एअर पंपाने तासभर बाहेरची हवा सोडा, पुन्हा मोजा. पीएच चढला तर दोष घरातल्या हवेचा. मग स्किमरच्या हवेची नळी खिडकीतून बाहेर काढा. लॉनवर औषध फवारतात त्या दिवशी ती आत घ्या. बाहेर नळी नेणे शक्य नसेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा स्क्रबर लावा.

चुन्याची निवळी इथे दुहेरी कामाला येते. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही देते आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पीएचही वर ठेवते. संपृक्त निवळी रोज उडणाऱ्या पाण्याच्या जागी घातली, आणि ७०० लिटरच्या टँकमधून रोज ७ लिटर उडत असेल, तर तिच्यातून दिवसाला साधारण १.१ डीकेएच मिळते. मध्यम गर्दीच्या टँकचा बराचसा खप एवढ्यात भागतो. चुना शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवा, पानाला लावायची डबी नको. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबानेच पडली पाहिजे. टॉप-ऑफचा फ्लोट अडकून पूर्ण टाकी एकदम आत गेली तर पाणी दुधासारखे होते, म्हणून टाकी तीन-चार दिवसांपुरतीच भरा आणि फ्लोटला जोडीदार दुसरा सेन्सर ठेवा.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. त्यामुळे भारतात घरी अ‍ॅक्रोपोराचा टँक हा विषयच नको, विकणारा कितीही खात्री देवो. मालवणच्या किनाऱ्यावर आणि विजयदुर्गापासून खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकवर आपले स्वतःचे प्रवाळ आहेत, ते तिथेच राहावेत. मशरूम किंवा लेदरसारख्या मऊ प्रवाळांच्या टँकमध्ये खप इतका कमी असतो की नियमित पाणी बदलणे बहुधा पुरते. तिथे अल्कलिनिटी भराभर पडत असेल तर वरचा पूड आणि खारटपणाचा भागच आधी वाचा.

शेवटी उलट्या अपघाताचे. डोसिंग पंप चालू राहून गेला आणि आकडा १२ वर दिसला, तर घाईने आम्ल घालून खाली ओढू नका आणि अर्धे पाणीही बदलू नका. डोस बंद करा, पीएच बघा, प्रवाह आणि स्किमर जोरात चालू ठेवा. दिव्यांची तीव्रता थोडी कमी केली तरी चालेल. आकडा स्वतःच उतरतो. रोज मोजत राहा, आणि ठरलेल्या आकड्याच्या अर्धा डीकेएच वर आला की डोस पूर्वीच्या निम्म्याने सुरू करा. काही प्रवाळांची कातडी गेली असेल तर खपही घटलेला असतो. जुना डोस तसाच चालू केला तर आठवड्याभरात पुन्हा १० वर जाल, आणि वाचलेल्या प्रवाळांना दुसरा झटका बसेल. पूर्ण डोसवर जायचे ते नवा खप मोजूनच.